जुनी स्टीव्हन्स, काडतूस ३२-४०: टार्गेटवर छिद्रं आडवी पडतायत, किती ग्रेन भरू?

तांबूसनळी:
नमस्कार मंडळी. हातात एक जुनी सिंगल शॉट टार्गेट रायफल आलीये, स्टीव्हन्सची, काडतूस ३२-४०, डबल सेट ट्रिगर, मागे टँगवर व्हर्नियर साइट, नळी जाडजूड अष्टकोनी. आतून आरशासारखी नाहीये पण पीळ (गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या खाचा) स्वच्छ दिसतात आणि कडा अजून धारदार आहेत. सोबत एका ओळखीच्याने भरून दिलेली काडतुसं होती, २०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप) ओतीव शिशाची गोळी आणि स्मोकलेस (आधुनिक, बिनधुराची) पावडर थोडीशीच, कोणती ते त्यालाही नीट आठवत नाही. १०० यार्डावर मारून पाहिली तर कागदावर गोल छिद्रं नाहीत, काही लांबट काही चक्क आडवी, आणि नळीत शिसं चिकटलेलं. उरलेली मारणं थांबवलंय. आता स्वतः भरायचं ठरवलंय, प्रेस डाय काटा सगळं आहे (आधुनिक बोल्ट रायफलसाठी भरतो त्यामुळे अगदीच नवखा नाही). मला २०० यार्डावर कागद फोडायचाय, शिकार वगैरे काही नाही. तर सांगा, पावडर कोणती आणि ग्रेन किती? आणि एकजण म्हणाला की केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) अर्धी रिकामी राहते म्हणून वर डेक्रॉनचा कापूस भर, तर तो भरायचा का?

मोजपट्टी:
आधी एक चांगलं केलंत की ती काडतुसं थांबवली. ती गोळी ओढून काढा, पावडर फेकून द्या, कोणती आहे हे माहीत नसलेली पावडर वास घेऊन किंवा दाण्यावरून ओळखायच्या भानगडीत पडू नका.

ग्रेन मी सांगणार नाही आणि इथे कोणी सांगितले तरी घेऊ नका, कारण तुम्ही अजून हेच सांगितलं नाहीत की रायफल ४४ आहे का ४४½. नाव जवळजवळ सारखं आहे पण आतलं यंत्र वेगळं. ४४ मध्ये लिव्हर खाली केली की ब्लॉक (काडतुसामागे बसणारा लोखंडी ठोकळा) मागे झुकत खाली जातो, सगळा मार शेवटी पिन, स्क्रू आणि लिंकवर येतो, आणि ते यंत्र काळ्या पावडरच्या दाबासाठीच बनलेलं. ४४½ आली १९०३ मध्ये, तिचा ब्लॉक खाचेतून उभा खाली सरकतो आणि बंद असताना त्याच्या पाठीशी रिसीव्हरचं (यंत्र बसतं त्या सांगाड्याचं) भरीव लोखंड असतं. विंचेस्टर १८८५ हाय वॉल (ब्राउनिंगचं डिझाइन, पेटंट १८७९ चं) ही त्याच दुसऱ्या जातीची, आणखी दणकट. म्हणजे तीन रायफली, तिन्हींवर ३२-४० असंच कोरलेलं, आणि तिन्हींना एकच बार (पावडरचा भरणा) चालेल असं समजणं म्हणजे नुसतं बुटाचा नंबर बघून माणसाचं वजन सांगणं.

आता काय बघायचं ते सांगतो, सावकाश करा. रिकाम्या रायफलीत (रिकामी आहे हे दोनदा बघून) ब्लॉक बंद करा आणि अंगठ्याने मागे-पुढे हलतो का बघा. हलत असेल तर पिन झिजल्यात, ते आधी दुरुस्त होऊ दे. मग फायरिंग पिनचं भोक बघा, जुन्या रायफलींत ते फार मोठं असतं आणि पिनही जाड, काळ्या पावडरला चालून जायचं पण स्मोकलेसचा दाब थोडा जरी वाढला तरी प्राइमरचं (केसच्या बुडातल्या पेटवणाऱ्या टोपीचं) पत्र त्या भोकात फुगून घुसतं, कधी फुटतं आणि गॅस थेट तोंडाकडे. जाणकार गनस्मिथ ब्लॉकमध्ये बुशिंग (छोटी नळी) बसवून भोक आणि पिन बारीक करून देतो, अशा रायफलीवर खर्च करायचा तर पहिला तिथे करा. चष्मा तर हवाच, ते वेगळं सांगायला नको.

आणि रिसीव्हरवर रंगीबेरंगी केस हार्डनिंग (लोखंडाचा वरचा थर कडक करायची प्रक्रिया) ताजं ताजं दिसत असेल तर खूश होऊ नका, चौकशी करा. कोणी टॉर्च मारून रंग आणलेले असतील तर वरचा कडक थर मऊ पडलेला असू शकतो.

एवढं झालं की नळीत शुद्ध शिशाचा गोळा ठोकून माप घ्या आणि चेंबरचं (काडतूस बसतं त्या पोकळीचं) सेरोसेफने (सहज वितळणाऱ्या मिश्रधातूने) कास्ट म्हणजे ठसा घ्या. मग परत या, आडव्या छिद्रांचं कारण बहुतेक त्या मापातच निघेल.

काळाधूर:
एवढं कशाला डोकं लावताय, काळी पावडर भरा आणि मोकळे व्हा! ३२-४० चा अर्थच तो, ३२ कॅलिबर आणि ४० ग्रेन काळी पावडर, पुढे १६५ ग्रेनची गोळी, वेग साधारण १४०० फुटांच्या आसपास. रायफल त्यासाठीच बनली. यात डबल चार्ज होऊच शकत नाही कारण केसमध्ये दुसरा बार मावतच नाही, सांडतो.

फक्त काही नियम आहेत ते पाळा. पावडर आणि गोळी यांच्यामध्ये हवा अजिबात नको, अजिबात म्हणजे अजिबात. लांब नळकांड्यातून हळूहळू सोडली की दाणे नीट बसतात, वर कार्डची चकती, मग थोडं दाबून गोळी. आजच्या केसची भिंत जुन्यापेक्षा जाड असते त्यामुळे पूर्ण ४० ग्रेन नाही बसणार, नाही बसले तर नाही बसले, जबरदस्तीने कोंबू नका. गोळीला लावायचं वंगण मेण आणि चरबीचं, पेट्रोलियमवालं नको, त्याने काजळी डांबरासारखी होते. दोन गोळ्यांच्या मध्ये ब्लो ट्यूबने नळीत फुंका नाहीतर ओला पॅच फिरवा, पण जे कराल ते प्रत्येक गोळीला तसंच करा, ग्रुप (छिद्रांचा पुंजका) उघडतात ते काजळी एकदा मऊ एकदा कोरडी राहिल्यामुळे. (फुंकताना ब्लॉक उघडा, केस बाहेर आणि फुंकायचं मागच्या बाजूने, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.) घरी आल्यावर पाणी, नुसतं पाणी, मग कोरडं, मग तेल. आणि केससुद्धा त्याच दिवशी पाण्यात.

रिप्लेसमेंट पावडरी मिळतात त्या मापट्याने म्हणजे आकारमानाने भरायच्या, वजनाने नाही, डब्यावर लिहिलेलं असतं. पण स्मोकलेस पावडर आकारमानाने काळ्या पावडरइतकी भरली तर रायफल आणि हात दोन्ही जातील.

पाऊणशहाणा:
काळाधूर यांचं बरोबर आहे पण प्रश्नकर्त्याने स्मोकलेसबद्दल विचारलंय तर त्याचंही उत्तर द्यायला हवं, नाहीतर तो दुसरीकडून अर्धवट काहीतरी वाचून भरेल.

डेक्रॉन, कापोक, कापूस, कार्डची चकती, हे सगळं स्मोकलेसच्या अर्ध्या रिकाम्या केसमध्ये घालू नका. पावडरवर चकती दाबून बसवली आणि तिच्या आणि गोळीच्या मध्ये हवा राहिली की चकती सुसाट जाऊन गोळीच्या बुडावर आदळते आणि बरोबर त्या जागी चेंबरला आतून कडं पडतं. एका दणक्यात पडेलच असं नाही, हळूहळू पडतं, आणि कळतं कधी तर केस निघायला अडकायला लागली की. तोवर शंभर वर्षांची नळी गेली. कापसाबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत, अनेकजण वर्षानुवर्षं वापरतात हेही खरं, पण ज्याला पहिलाच बार ठरवायचाय त्याने तिथून सुरुवात करायचं काहीच कारण नाही. त्यापेक्षा अशी पावडर निवडा जी फुगीर आहे, केसमध्ये डोळ्यांना दिसेल इतकी वर येते.

दुसरं म्हणजे डबल चार्ज. पिस्तुलाच्या वेगाने जळणारी पावडर, लहानसा बार, आणि ३२-४० ची खोल केस, यात दोन बार आरामात मावतात आणि वरून बघून पटकन कळतही नाही. मी केस उलट्या ठेवतो, एक उचलायची, भरायची, लगेच गोळी बसवायची, मगच पुढची. ट्रेमध्ये भरून ठेवणारे आहेत, त्यांनी टॉर्च मारून प्रत्येक केसमधली पातळी बघावी. टेबलावर पावडरचा डबा एकच. फोन दुसऱ्या खोलीत.

आता मॅन्युअल वाचतानाची एक गोची, ४५-७० (दुसरं एक जुनं काडतूस) वाल्यांना हे जास्त लागू पण तत्त्व तेच. मॅन्युअलमध्ये ४५-७० चे तीन विभाग असतात, पहिला ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड या जुन्या रायफलीसाठी, दुसरा मजबूत लिव्हर अ‍ॅक्शनसाठी, तिसरा रुगर नंबर १ सारख्या आधुनिक सिंगल शॉटसाठी. लोक बघतात की आपलीही सिंगल शॉटच आहे आणि सरळ तिसऱ्यात शिरतात. जुनी सिंगल शॉट असेल तर पहिला विभाग, आणि त्यातलाही सुरुवातीचा आकडा.

अजून एक. बोल्ट रायफलमध्ये तुम्ही प्राइमर चपटा झाला, बोल्ट जड उघडला असल्या खुणा बघून थांबत असाल. इथे त्या खुणांवर विसंबू नका. आधुनिक अ‍ॅक्शनला (यंत्राला) जिथे नुसता इशारा मिळतो तिथे या जुन्या लोखंडाची मर्यादा कधीच ओलांडलेली असते. लिव्हर जड लागली तर ती सूचना नाही, तो निकाल आहे. म्हणून इथे बार खालून वर चढवत जायची स्पर्धा नसते, छापील सुरुवातीच्या बाराजवळ राहून गोळी, वंगण आणि शिशाचं मिश्रण बदलत बघायचं.

जॅकेटवाल्या गोळ्याही नकोत, त्या काळच्या नळीचं लोखंड मऊ.

तांबूसनळी:
सगळ्यांचे आभार, आठवडा गेला पण कामं केली. रायफल ४४ निघाली, ४४½ नाही. ब्लॉक किंचित हलतो, अगदी थोडा पण हलतो. फायरिंग पिनचं भोक मोठंच आहे. नळीत शिसं ठोकून मायक्रोमीटरने मोजलं, खाचांपर्यंतचा व्यास ०.३२२५ इंच. घट्ट पॅच लावून रॉड फिरवला तर १६ इंचात एक वळसा. आणि जी गोळी होती तिचा व्यास ०.३१९ आणि लांबी १.०६ इंच. ठोकलेलं शिसं ढकलताना मधे एका जागी थोडं सैल गेल्यासारखं वाटलं, पुढे परत घट्ट. सेरोसेफ अजून केलं नाही, ते नळीत अडकून बसेल अशी भीती वाटते.

मोजपट्टी:
बघा, निघालं की नाही कारण. गोळी खाचांपेक्षा साडेतीन हजारांश इंचाने बारीक, ती पिळाला धरतच नाही, बाजूने गॅस निसटतो, गॅस शिसं वितळवत जातो म्हणून नळीत शिसं, आणि फिरकी नीट न मिळाल्यामुळे गोळी हवेत लोळते म्हणून आडवी छिद्रं. ओतीव गोळी खाचांच्या व्यासापेक्षा एक ते दोन हजारांश जाड हवी, म्हणजे तुम्हाला ०.३२३५ ते ०.३२४५. पण आधी चेंबरचं कास्ट, कारण एवढी जाड गोळी बसवल्यावर केसचं तोंड चेंबरमध्ये मोकळं राहायला हवं, सुटताना फुलायला जागा नसेल तर दाब उगाच चढतो.

सेरोसेफला घाबरू नका. ते ७० ते ८८ अंश सेल्सियसमध्ये वितळतं, शिशासारखं तापवायचं कामच नाही. चेंबर स्वच्छ, पीळ जिथे सुरू होतात त्याच्या जरा पुढे घट्ट पॅच, ओतायचं, आणि गोठलं की पुढून रॉडने हलकेच ढकलायचं. गंमत अशी की ते आधी आकसतं आणि मग फुगत जातं, साधारण तासाभराने बरोबर चेंबरच्या मापाचं होतं, त्याच वेळी मोजायचं. दुसऱ्या दिवशी मोजाल तर मोठं माप येईल. नळीत विसरून जेवायला जाऊ नका एवढंच.

लांबीचं म्हणाल तर ग्रीनहिलचं सूत्र आहे, १८७९ चं, तोफगोळ्यांसाठी काढलेलं पण शिशाच्या गोळीला छान लागू पडतं. १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले पीळ. ०.३२ चा वर्ग ०.१०२४, गुणिले १५० म्हणजे १५.३६, भागिले १६ म्हणजे ०.९६ इंच. तुमची गोळी १.०६ ची. सूत्र काही दगडावरची रेघ नाही, १६ च्या पिळात थोड्या लांब गोळ्याही लोक मारतात आणि चांगल्या मारतात, पण तिथे गोळी मापाची असते आणि वेगही बेताचा का होईना पुरेसा असतो. तुमच्याकडे बारीक गोळी, लांब गोळी आणि कमी वेग, तिन्ही एकत्र. १६५ च्या आसपासची घ्या, ती पाऊण इंचाच्या वर आणि एक इंचाच्या आत बसते.

४४ आहे आणि ब्लॉक हलतोय, तर पिन आणि स्क्रू बसवून घेतल्याशिवाय काहीही मारू नका, काळी पावडरसुद्धा नाही. बुशिंगही त्याच फेरीत करून घ्या.

मधली सैल जागा असू दे. सुरुवातीला घट्ट आणि नळीच्या तोंडाशी सैल असं असतं तर मी काळजी केली असती, तोंडाशी घट्ट आहे ना, मग चालेल.

शिसंकथील:
गोळीचं मी सांगतो कारण खरी मजा तिथेच आहे आणि सगळे पावडरमागे धावतात.

एवढ्या कमी दाबाला कडक मिश्रण नको. शिसं आणि कथील, वीस भाग शिसं एक भाग कथील इथून सुरू करा, काळी पावडर असेल तर तीसला एक सुद्धा चालतं. मऊ गोळी दाबाने फुलून खाचा भरते, कडक गोळी फुलत नाही आणि जराशी बारीक असेल तर परत तेच शिसं चिकटण्याचं दुखणं. चाकांच्या वजनांचं शिसं स्वस्त पडतं पण प्रत्येक घाण्यात अँटिमनी वेगळी, त्यामुळे ग्रुप का बदलला ते शोधत बसाल. साच्यातून निघालेल्या गोळ्या एकेक वजन करा, बुडाची कड तुटकी असेल ती परत भांड्यात. टोक थोडं वाकडं चालेल, बूड वाकडं नाही चालत, कारण नळी सोडताना गॅस शेवटचा धक्का बुडालाच देतो.

ओतताना खिडक्या उघड्या, लांब बाह्या, बूट, चष्मा. शिसं ३२७ अंशाला वितळतं, त्यात पाण्याचा एक थेंब पडला तर वाफ होऊन अख्खं भांडं अंगावर उडतं, म्हणून ओला चमचा किंवा ओलं भंगार शिसं वितळलेल्या भांड्यात टाकायचं नाही. हात धुतल्याशिवाय खाणं नाही, बिडी नाही, आणि मुलं त्या खोलीत नाहीत.

आता ब्रीच सीटिंग. जुने शुट्झन नेमबाज (अमेरिकेत गेलेले जर्मन भाषिक लोक, २०० यार्डावर उभ्याने मारायचे) गोळी केसमध्ये बसवायचेच नाहीत. छोट्या लिव्हरच्या हत्याराने गोळी थेट पिळात ढकलायची, बूड केसच्या तोंडाच्या थोडं पुढे, आणि मागून नुसती पावडर भरलेली केस. गोळी आधीच नळीच्या मध्यरेषेत सरळ बसलेली, केस वाकडी असली तरी फरक पडत नाही. बरेचजण तर एकच केस घेऊन जायचे, मारली की तिथेच प्राइमर बदलायचा, भरायची, परत तीच. हॅरी पोप नावाचा नळ्या बनवणारा त्याहून पुढे गेला, फॉल्स मझल (नळीच्या तोंडावर बसवायचा जोड) लावून गोळी पुढून बसवायची आणि बार मागून. पोपच्या ३२-४० नळीने सी. डब्ल्यू. रोलंड यांनी १९०१ मध्ये २०० यार्डावर दहा गोळ्यांचा ०.७२५ इंचाचा ग्रुप मारला, शिशाच्या गोळीने. तुमचं काडतूस तेच आहे.

फक्त ब्रीच सीटिंगचा बार आणि केसमध्ये गोळी बसवलेल्याचा बार एकच धरू नका, जागा बदलते म्हणजे दाब बदलतो. आणि स्मोकलेसवर जाड चकती नको, ते वर सांगून झालंय.

काळाधूर:
रोलंडचं नाव निघालं म्हणजे आता हा माणूस साचे, हत्यारं, सगळं विकत घेणार, बायकोला काय सांगायचं तेही सांगून टाका 😄

तांबूसनळी:
ते कधीच सुरू झालंय. ठरवलं असं की आधी गनस्मिथ, मग ०.३२४ चा १६५ चा साचा, आणि सुरुवात काळ्या पावडरने. एकच राहिलं, ३२-४० च्या केस मिळत नाहीयेत, ३०-३० च्या भरपूर आहेत, त्यांचं तोंड फुगवून चालेल का?

पाऊणशहाणा:
चालतं, दोन्ही एकाच घराण्यातली, बूड सारखंच. पण ३०-३० ची केस २.०३९ इंच, ३२-४० ची २.१३, म्हणजे पुढे चेंबरमध्ये जवळजवळ एक दशांश इंचाची मोकळी खाच राहते. गोळी तिथून उडी मारते आणि तिथे शिसं व काजळी साचते, दर वेळी ब्रशने काढा नाहीतर पुढे कधी पूर्ण लांबीची केस घातली तर तिचं तोंड त्या कचऱ्यावर दाबलं जाईल. तोंड एकदम फुगवू नका, आधी तापवून मऊ करा, मग टप्प्याटप्प्याने. एकदा तुमच्या चेंबरमध्ये मारून फुलली की फक्त तोंड आकसा, पूर्ण केस डायमध्ये घालू नका, या दाबाला गरज नसते. केसवर एक खूण करून दरवेळी तीच बाजू वर ठेवून घाला.

आणि केसच्या बुडावर ३०-३० कोरलेलंच राहतं, तेव्हा या वेगळ्या डब्यात, मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावून. ३०-३० च्या मॅन्युअलमधले आकडे या रायफलीला चालत नाहीत, ती काडतुसं फार जास्त दाबाची असतात.

मोजपट्टी:
सेरोसेफचं माप आलं की टाका इथे, विशेषतः केसचं तोंड येतं तिथला व्यास. साचा मागवण्याआधी, नंतर नाही. ०.३२४ ची गोळी आणि ३०-३० ची जाड भिंत मिळून केसचं तोंड किती होतंय ते बघून मग ठरवू, कदाचित तोंड आतून रीम करावं (कापून पातळ करावं) लागेल.

तांबूसनळी:
बरं, साचा थांबवतो. रविवारी सेरोसेफ ओततो.